सिगारेट ‘चालते’ की ‘चालत नाही’: किशोरवयीन मुलांच्या मनातली अमान्यता मोजायची कशी?

मॅडम, तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना सिगारेट ओढणं सामाजिकदृष्ट्या कितपत अमान्य वाटतं, हे तुम्हाला सातारा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत मोजायचं आहे. एका इंग्रजी प्रश्नावलीवरून तुम्ही पाच विधानं तयार केलीत आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्याय देऊन एका शाळेत ती तपासून पाहिलीत. ‘सिगारेट ओढणे समाजाला अमान्य आहे’ या विधानाला जवळजवळ सगळ्यांनी पूर्ण सहमती दिली. त्याच आठवड्यात त्याच शाळेची दहावीची मुलं मागच्या टपरीवर सुटी सिगारेट घेताना तुम्ही पाहिलीत. मग मुलं खोटं लिहितात की प्रश्नावली चुकली, असं तुम्ही विचारलंत.

मुलं खोटं लिहीत नाहीत. तुमचं विधान त्यांना परीक्षेतल्या प्रश्नासारखं वाटलं आणि त्यांनी परीक्षेतलं उत्तर लिहिलं. सिगारेट वाईट असते हे त्यांना पाठ आहे. शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं आहे, शपथ घेतलेली आहे, पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत इशारा आहे. तुम्हाला मोजायची आहे ती वेगळी गोष्ट: आपल्या आसपासच्या माणसांना हे कितपत खपतं, याचा मुलांनी बांधलेला अंदाज. तो पाठांतरातून कळत नाही. मी वीसेक वर्षं शाळांमधल्या तंबाखूच्या पाहण्यांवर काम करतो आहे आणि माझ्या पहिल्या पाहणीत मीही तुमच्यासारखंच भाषांतर केलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात शब्दांपासून. ‘समाजाला अमान्य’ हे बोलणं मुलांचं नाही. मुलगा म्हणतो, ‘आमच्या घरात नाही चालत.’ आजी म्हणते, ‘बरं दिसत नाही.’ मोठी बहीण म्हणते, ‘तुला शोभत नाही.’ आणि शेजारीपाजारी नावं ठेवतात. आपल्या भाषेत अमान्यतेला हे चार शब्द आधीपासूनच आहेत आणि चारांचे अर्थ वेगळे आहेत. ‘चालत नाही’मध्ये नियम आहे आणि त्या नियमाला हद्द आहे: घरात चालत नाही, कट्ट्यावर चालतं. ‘बरं दिसत नाही’मध्ये बघणारा डोळा आहे, कोणी बघत नसेल तर हरकत उरत नाही. ‘शोभत नाही’ हे माणसावर ठरतं. गावच्या पैलवानाला शोभत नाही, सरांना शोभत नाही, पण ट्रकवर जाणाऱ्या मामाला कोणी काही म्हणत नाही. आणि ‘नावं ठेवतात’मध्ये परिणाम आहे, म्हणजे ओढणाऱ्याला काहीतरी सोसावं लागतं. सोलापुरात नववीच्या मुलांशी गप्पा मारताना एकजण मला म्हणाला होता, ‘सर, गल्लीत चालत नाही, कट्ट्यावर चालतं, लग्नात कोण बघतंय?’ त्या एका वाक्यात जागा, माणसं आणि नजर तिन्ही आली. त्यानंतर मी जागेशिवाय आणि बघणाऱ्याशिवाय प्रश्न लिहिणं बंद केलं.

तेव्हा तुमचं विधान मोडून त्याचे प्रसंग करा. प्रसंगात वय सांगा, जागा सांगा, बघणारा कोण ते सांगा. उदाहरणार्थ: ‘तुझ्या वर्गातल्या एका मुलाने एस.टी. स्टँडमागे सिगारेट ओढली. तुझ्या जवळच्या मित्रमैत्रिणींच्या मते हे…’ आणि पुढे पर्याय: ‘अजिबात चालत नाही’, ‘सहसा चालत नाही’, ‘कधीमधी चालतं’, ‘बिनधास्त चालतं’. तोच प्रसंग पुन्हा देऊन ‘तुझ्या घरच्यांच्या मते’, मग ‘तुझ्या गल्लीतल्या मोठ्या माणसांच्या मते’, आणि सगळ्यात शेवटी ‘तुझ्या स्वतःच्या मते’. स्वतःचं मत शेवटी ठेवायचं कारण असं की ते आधी विचारलं तर मुलं तेच उत्तर मित्रांच्या आणि घरच्यांच्या रकान्यात उतरवतात.

‘तटस्थ’ हा मधला पर्याय काढून टाका. ज्याला प्रश्न कळला नाही, ज्याला भीती वाटली आणि ज्याचं खरंच दोन्हीकडे मत आहे, असे तिघेही तिथेच खूण करतात आणि नंतर त्यांना वेगळं काढता येत नाही. त्याऐवजी बाजूला ‘माहीत नाही’चा चौकोन द्या आणि तो वेगळा मोजा. आपल्या घरच्यांचं मत मुलाला माहीत नसणं हीही माहितीच आहे. त्या घरात या विषयावर कधी बोलणंच झालं नसेल. उलटी विधानंही टाळा. ‘सिगारेट ओढणं चुकीचं आहे असं मला वाटत नाही’ या वाक्याला ‘असहमत’ म्हणजे काय, हे मोठ्यांनाही पटकन सांगता येत नाही.

परिणामाचा प्रश्न मात्र हवाच. ‘वर्गातल्या एका मुलाने सिगारेट ओढल्याचं सगळ्यांना कळलं. पुढच्या आठवडाभरात बहुतेक मुलं काय करतील?’ पर्याय: काहीच नाही, त्याला भारी समजतील, चेष्टा करतील, त्याच्यापासून लांब राहतील, त्याला समजावतील, सरांना सांगतील. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बोलणारा प्रश्न हाच आहे. तोंडाने ‘अजिबात चालत नाही’ म्हणणारा वर्ग इथे ‘काहीच नाही’ लिहितो आणि दोन प्रश्नांतलं ते अंतर दिसलं की त्या शाळेत नेमकं काय चाललंय ते कळतं. असाच एक प्रश्न दुकानदाराबद्दल विचारा: ‘तू एकटा टपरीवर गेलास आणि सिगारेट मागितलीस, तर टपरीवाला देईल का?’ २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालच्यांना विक्रीला आणि शाळेच्या १०० यार्डांच्या आतल्या विक्रीला मनाई आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटींच्या विक्रीवरही बंदी आली. इतकं असूनही मूल ‘देईल’ असं लिहितं, तेव्हा मोठ्यांना हे चालतं असं त्याने ताडलेलं असतं. पाहुण्यांसाठी सिगारेट आणायला त्याला घरूनच पाठवत असतील तर आणखीच. तोही प्रश्न घाला.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त चकवलं ती सांगतो. लपवणं हे अमान्यतेचं माप आहे, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून मी विचारायचो, ‘पंचविशीतला एक दादा सिगारेट ओढतोय आणि समोरून त्याचे वडील आले. तो काय करेल?’ सगळी मुलं लिहायची की तो सिगारेट टाकेल, हात मागे घेईल. मी ते अमान्यतेच्या खात्यात जमा करत होतो. मग एका गावात दहावीतल्या मुलीने मला समजावलं: ‘सर, तो घाबरत नाही. मान ठेवतो. काकांना पण माहितीये तो ओढतो.’ तिचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. आपल्याकडे चाळिशीचा मुलगाही बापासमोर ओढत नाही, आणि बापही खोकून, चपला वाजवून त्याला वेळ देतो. दोघांच्या मनात सिगारेटबद्दल काही वाईट असेलच असं नाही. वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसत नाहीत, तशीच ती रीत आहे. हा मान अमान्यतेत मिसळला तर ज्या गावात रीतभात कडक आहे तिथे सिगारेटविरोधी मत भक्कम आहे असं कागदावर दिसेल, आणि प्रत्यक्षात तिथली निम्मी तरुण मंडळी ओढत असू शकतील.

यावर उपाय सोपा आहे. तोच दादा, तीच सिगारेट ठेवायची आणि समोरून येणारं माणूस बदलायचं. वडील आले तर? धाकटा भाऊ आला तर? बरोबरीचा मित्र आला तर? मित्राची आई आली तर? ओळखीतली मुलगी आली तर? फक्त वडीलधाऱ्यांसमोर लपवत असेल तर तो मान. धाकट्या भावासमोर आणि बरोबरीच्यांसमोरही लपवत असेल, तर ओढणं कमीपणाचं मानलं जातंय. या दोन उत्तरांतला फरक हेच तुमचं माप. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत हा भेद सापडणार नाही, कारण तिथे तो लागतच नाही.

तयार प्रश्नावल्या निरुपयोगी आहेत असं मात्र मी म्हणत नाही. अमेरिकेतली ‘मॉनिटरिंग द फ्यूचर’ ही पाहणी १९७५ पासून बारावीच्या आणि १९९१ पासून आठवी-दहावीच्या विद्यार्थ्यांची होते. तिच्यात रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्यांबद्दल तुझी नापसंती किती, आणि तू तसं केलंस तर तुझ्या जवळच्या मित्रांना कसं वाटेल, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. हे वेगळं ठेवणं तिथून जरूर घ्या. ‘रोज पाकीटभर’ मात्र घेऊ नका. आपल्याकडचं मूल सुट्या सिगारेटीने सुरुवात करतं. जागतिक युवा तंबाखू पाहणीत, म्हणजे १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांच्या पाहणीत, सिगारेटमुळे समारंभात मोकळं वाटतं का, मित्राने दिली तर घेशील का, असे प्रश्न आहेत. भारतातली तिची चौथी फेरी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये केली. तिच्यातून दोन-तीन प्रश्न जसेच्या तसे घेतलेत तर तुमचे आकडे देशाच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील.

याच फेरीने ८.५ टक्के मुलं त्या वेळी कुठला ना कुठला तंबाखू वापरत असल्याचं नोंदवलं. त्याहून मला अस्वस्थ करणारा आकडा सुरुवातीच्या वयाचा आहे. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के, विडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू खाणाऱ्यांपैकी ५२ टक्के मुलांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच सुरुवात केली होती. म्हणून मी आग्रहाने सांगेन, आठवीपासून सुरू करू नका, सहावीही घ्या. शाळकरी मुलांमधला तंबाखू रोखण्यासाठी दिल्ली आणि चेन्नईत झालेल्या ‘मैत्री’ प्रकल्पात सहावीतल्या २४.८ टक्के आणि आठवीतल्या ९.३ टक्के मुलांनी कधीतरी तंबाखू घेतल्याचं सांगितलं होतं. धाकट्यांचा आकडा मोठ्यांपेक्षा जास्त! काळ बदलला म्हणून, की मोठी मुलं उत्तर देताना सावध होतात म्हणून, हा वाद करता येईल. पण फक्त वरचे वर्ग बघून चालणार नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरी गोष्ट, आपल्या राज्यात सिगारेट एकटी मोजू नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१६-१७ मध्ये केलेल्या प्रौढांच्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले. ज्या घरात आजी मिश्री लावते आणि वडील तंबाखू मळतात, त्या घरातला मुलगा सिगारेटला ‘अजिबात चालत नाही’ लिहितो ते मनापासूनच. पण त्यातून तो तंबाखूपासून लांब आहे असं तुम्ही म्हणालात तर चूक होईल. एक प्रसंग सिगारेटचा असेल तर तोच विडीचा, मळलेल्या तंबाखूचा आणि गुटख्याचा करा. विदर्भात काम कराल तर खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) हाच शब्द वापरा. ‘तंबाखूजन्य पदार्थ’ म्हटल्यावर तिथलं मूल खर्र्याचा विचार करेलच असं नाही. सोलापुरात, जिथे कितीतरी घरांत आया विड्या वळून संसार चालवतात, तिथे विडीबद्दल प्रश्न विचारताना पोटापाण्याची गोष्ट आड येते. तिथे प्रश्न ओढण्यापुरता ठेवा आणि गटचर्चेत आईच्या कामाबद्दल मान राखून बोला.

मुलगा आणि मुलगी यांचंही तसंच. तुमच्या विधानांत ओढणारा कोण हे लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने मनात मुलगाच धरला असणार. तोच प्रसंग मुलीचा केलात तर ‘अजिबात चालत नाही’ एकदम वाढेल. ती वाढ सिगारेटची नाही, मुलींवरच्या बंधनांची आहे. म्हणून निम्म्या कागदांवर मुलगा आणि निम्म्यांवर मुलगी छापा, कोणाला कोणता कागद जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दोन्हींची उत्तरं वेगळी मांडा.

किती जण करतात आणि लोकांना ते पटतं का, हे दोन अंदाज मनात वेगवेगळे असतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कचरा टाकण्याच्या साध्या प्रयोगांतून हा भेद नीट दाखवला होता. तुमच्यासाठी दोन प्रश्न पुरेत. ‘तुझ्या वर्गातल्या १० मुलांपैकी साधारण किती जण सिगारेट ओढत असतील?’ आणि ‘१० पैकी किती जणांना ते वाईट वाटत असेल?’ मग याच वर्गाच्या कागदांवरून खरा आकडा काढा. मुलं ओढणाऱ्यांचा आकडा फुगवतात, कारण ओढणारा कट्ट्यावर दिसतो आणि न ओढणारा घरी असतो. समजा, वर्गातल्या १० पैकी ८ जणांनी स्वतःपुरतं ‘चालत नाही’ लिहिलं, पण तसं वाटणारे तीनच असतील असा प्रत्येकाचा अंदाज आहे. म्हणजे त्या वर्गात प्रत्येकजण आपण एकटेच आहोत असं समजून गप्प बसलाय. तुमच्या सगळ्या कामातून शाळेच्या हाती लगेच देता येईल असं काही असेल तर तो हा फरक.

कागद कसे भरून घेता यावर निम्मं यश आहे. वर्गशिक्षक बाहेर जायला हवेत. मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर ते मदत म्हणून फेऱ्या मारतात. नाव, हजेरी क्रमांक काही नको. कागद घडी करून मुलाने स्वतः खोक्यात टाकावा. एका बाकावर दोघे बसत असतील तर दोघांच्या कागदांवर प्रश्नांचा क्रम वेगळा ठेवा. शाळेत नुकतीच तंबाखूमुक्तीची शपथ झाली असेल तर पंधरा दिवस थांबा. १९७७ मध्ये इव्हान्स, हॅन्सन आणि मिटलमार्क यांनी दाखवलं होतं की लाळेची तपासणी होणार असं आधी सांगितलं की मुलं ओढल्याचं जास्त कबूल करतात. हा मार्ग मी शाळांत वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. ज्या मुलाचा विश्वास आपल्याला हवा आहे त्याला धाक घालून ते साधत नाही.

आकडेमोडीबद्दल थोडक्यात. सगळ्या उत्तरांची बेरीज करून एकच गुण काढू नका. मित्र, घर, गल्ली आणि स्वतः हे चार वेगळे ठेवा. सगळे एका टोकाला असताना सरासरी काही सांगत नाही, त्यापेक्षा ‘अजिबात चालत नाही’ किती टक्के ते द्या. क्रॉनबाकचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, ०.७ च्या वर आला म्हणून निश्चिंत होऊ नका. एकच गोष्ट पाच शब्दांत विचारली तरी तो वर जातो. त्याऐवजी चाळीस मुलांना दोन आठवड्यांनी तोच कागद पुन्हा द्या. त्यांना पुन्हा जोडून पाहता यावं म्हणून मुलांकडूनच एक खूण लिहून घ्या, म्हणजे आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि घरातल्या माणसांची संख्या वगैरे.

माप खरं आहे का ते बघायला अमेरिकी संशोधक पिअर्स यांनी १९९६ मध्ये मांडलेली कसोटी लावा: मित्राने दिली तर घेशील का, वर्षभरात ओढून बघशील का. या प्रश्नांना ‘नक्कीच नाही’ म्हणणारी मुलंच पक्की धरायची. ‘बहुधा नाही’ म्हणणारा डळमळीत. तुमच्या मापात मित्रांची अमान्यता जास्त असलेली मुलं इथे जास्त पक्की निघाली तर माप काम करतंय. मात्र एकदाच केलेल्या पाहणीवरून ‘अमान्यतेमुळे मुलं ओढत नाहीत’ असं लिहू नका. ओढणारा मुलगा ओढणारे मित्र निवडतो आणि मग त्याच्या जगात ते चालतंच.

नमुन्याचा हिशोब वर्गांवर ठरतो. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. वर्गात ४० मुलं धरली आणि त्यांच्यातलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळी सारखीच) ०.०५ इतकं कमी धरलं, तरी सुटी मुलं निवडली असती त्याच्या ३९ गुणिले ०.०५ अधिक १ म्हणजे २.९५ पट नमुना लागतो. ३० वर्गांतली १२०० मुलं साधारण ४०० सुट्या मुलांएवढीच माहिती देतात. म्हणून तीन शाळांतले सगळे वर्ग घेण्यापेक्षा तीस शाळांतला एकेक वर्ग घ्या, दमछाक झाली तरी.

हे सगळं मोजायचं कशासाठी, असं तुमच्या मार्गदर्शकांनी विचारलं तर त्यांना अमेरिकी संशोधक अलामार आणि ग्लांट्झ यांचं २००६ चं काम सांगा. त्यांनी अमेरिकेतल्या प्रौढांच्या उत्तरांवरून सामाजिक अमान्यतेचा निर्देशांक काढला होता आणि तो १० टक्क्यांनी वाढला तर सिगारेटचा खप ३.७ टक्क्यांनी घटतो असं मांडलं होतं. म्हणजे लोकांच्या नजरेला सिगारेटवरच्या करासारखंच वजन आहे.

त्या नजरेचा भार मुलावर पडू नये ही काळजी मात्र आपली. ‘सिगारेट ओढणारी माणसं वाईट असतात’ हे तुमचं चौथं विधान आजच काढून टाका. अशाच एका विधानासमोर सहावीतल्या एका मुलाने खूण केली नव्हती. शेजारी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘माझे बाबा ओढतात पण चांगले आहेत.’ त्या दिवसापासून मी कृतीबद्दल विचारतो, माणसाबद्दल नाही. पालकांची परवानगी घ्या, मुलाचीही घ्या, आणि न भरायचा कागद कोरा टाकायची मुभा मोठ्याने सांगा. निकाल शाळेला देताना एकेका तुकडीचा देऊ नका, ओढणारे दोनच असतील तर सगळ्यांना नावं कळतात. कागदाच्या तळाशी तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत क्रमांक, १८००-११-२३५६, छापा. तो कागद फाडून खिशात घालता येईल अशी तुटक रेषा मारा.

आता लगेच करायचं काम: तुमच्या पाच विधानांतलं दुसरं, मित्रांबद्दलचं, ठेवा, बाकीची सोडा. वर दिलेले प्रसंग तुमच्या भागातल्या जागांची नावं घालून लिहा. मग आठ-दहा मुलांना एकेकटं बसवून ते मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, ‘तुला काय विचारलंय असं वाटलं?’ हे त्या पहिल्या शाळेत करू नका. तिथल्या मुलांना उत्तर काय अपेक्षित आहे ते एव्हाना कळलेलं आहे.